दर्शन आणि प्रदर्शन

मथळा वाचून वाचक महाराजांनी असा समज करून घेऊ नये की, बुवा आता कुणाच्या तरी डामडौलावर टीकेची झोड उठवणार. तसे काही नाही. एक शंका गेली काही वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. कीर्तनात ती मांडता येत नाही. कीर्तनात शंका काढली की समाधानही त्याच बैठकीत द्यावे लागते, नाही तर श्रोते अर्ध्या वाटेवर राहतात आणि घरी जाऊन आपल्यालाच दोष देतात. मासिकाच्या पानावर तेवढी सवड असते, म्हणून इथे मांडतो.

शंका अशी. एखादी वस्तू एका गावासाठी, तिथल्या माणसांसाठी, एका ठराविक कामासाठी घडली. पुढे ती तिथून काढली आणि जिथे कुणीच राहत नाही, सगळे फक्त येतात आणि जातात, अशा ठिकाणी शोभेसाठी लावली. आता ती तीच वस्तू राहिली काय? आणि ती जपली गेली म्हणून आपण आनंद मानावा, की मुळासकट उपटली गेली म्हणून हळहळावे?

ही शंका मला सुचली ती कुठल्या मठात किंवा ग्रंथात नव्हे, तर मुंबईच्या विमानतळावर. २०२३ च्या भाद्रपदात मुलीकडे मस्कतला जाण्याचा योग आला. आम्ही उभयता निघालो. मी पासष्टीच्या उंबरठ्यावर, सौभाग्यवती साठीच्या पुढे, दोघांचाही विमानाचा हा पहिलाच प्रवास. तपासणीच्या जागी माझ्या पिशवीतले टाळ यंत्राने पकडले. तिथल्या तरुण शिपायाने ते बाहेर काढायला लावले, उलटसुलट करून पाहिले आणि इकडे तिकडे बघून हळूच एकदा वाजवलेच. "माउली, आमचे आजोबा जायचे दरवर्षी," एवढेच म्हणाला आणि टाळ परत पिशवीत ठेवले. पुढे कळले की पावसामुळे विमानाला तीन तास उशीर आहे. बाकीचे प्रवासी चिडले. आम्हाला काय, एस.टी.च्या फाट्यावर याहून अधिक बसलेलो आहोत. हिने पिशवीतून दशम्या काढल्या, आणि खाणे झाल्यावर आम्ही पाय मोकळे करायला म्हणून हिंडू लागलो.

तेव्हा ती भिंत दिसली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या विमानतळाची ही नवी इमारत, दोन क्रमांकाची, २०१४ च्या फेब्रुवारीत प्रवाशांसाठी सुरू झाली. तिचा आराखडा अमेरिकेतल्या वास्तुकारांचा, पण छताची आणि खांबांची नक्षी मोराच्या पिसाऱ्यावरून घेतलेली. आत सुमारे तीन किलोमीटर लांबीची एक भिंत मजल्यामजल्यांतून फिरवली आहे आणि तिच्यावर पाच हजारांहून अधिक कलावस्तू मांडल्या आहेत. ही योजना राजीव सेठी यांची. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतली जुनी दारे, चौकटी, खिडक्या, कमानी, लाकडी मूर्ती, असा मोठा पसारा आहे, आणि त्याबरोबर शंभराहून अधिक हयात कलावंतांकडून करवून घेतलेले नवे कामही आहे. या सगळ्याला नाव दिले आहे 'जय हे', आपल्या राष्ट्रगीतातले. म्हणजे पाहा, एखाद्या शहरातले वस्तुसंग्रहालय उचलून विमानतळाच्या पोटात ठेवावे, असा हा प्रकार आहे. जगात हे अगदीच नवे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर १९८० पासून संग्रहालय चालते.

आम्ही एका जुन्या दारापुढे उभे राहिलो. चांगला जाड सागवान किंवा तसलेच काही लाकूड, वर गणेशपट्टी, कडेने वेल, आणि उंबरठा. उंबरठा जमिनीला टेकलेला नव्हता, भिंतीवर होता. सौभाग्यवतीने चपलेतून अर्धा पाय बाहेर काढला होता, तो तिचा तिलाच उमगला आणि ती हसली. मग म्हणाली, "अहो, हे दार कुठं उघडतं?"

मी म्हणालो, "कुठंच नाही. शोभेचं आहे."

"मग ह्याच्या आत राहायचं कोण?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. न्यायशास्त्र शिकताना गुरुजी आधार आणि आधेय यांचा संबंध घोटून घेत. भांडे आणि त्यातले बोर. बोर काढले तरी भांडे राहते. पण घर काढून घेतले आणि दार राहिले, तर त्याला दार कोणत्या अर्थाने म्हणायचे? आत आणि बाहेर असे काही असेल तरच दाराला दारपण. बरे, नुसता लाकडाचा तुकडाही म्हणता येत नाही, कारण बाईमाणसाचा पाय चपलेतून आपोआप निघतो, एवढे सामर्थ्य त्याच्यात अजून शिल्लक आहे.

पुढे गेलो आणि माझ्या छातीत एकदम धस्स झाले. नक्षीचे लाकडी खांब दिसले. वर केळफूल. क्षणभर वाटले, आमचेच. जवळ जाऊन पाहिले तर नव्हते, घडण निराळी होती, बहुधा दक्षिणेकडची. पण तो एक क्षण मला खाऊन गेला, आणि आता त्याची हकिगत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या गावी विठोबाचे देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाला आठ सागवानी खांब होते. सुरूदार, खाली दगडी तळखडे, वर केळफुले, आणि खांबाखांबामध्ये महिरपी. मधल्या तुळईवर शके कोरलेला आणि ज्या चौघांनी पैका दिला त्यांची नावे. १९९४ साली गावाने ठरवले की देऊळ सिमेंटचे बांधायचे. माळवद गळत होते, दोन खांबांच्या पायाला वाळवी लागली होती, त्यामुळे ठरावात चूक काही नव्हती. शहरातून एक व्यापारी टेंपो घेऊन आला. आठ खांब आणि महिरपी यांचे बारा हजार रुपये देतो म्हणाला. मंडळी घुटमळली. देवाच्या घरचे लाकूड विकावे की न विकावे? म्हणून शास्त्रार्थ विचारायला माझ्याकडे आली. मी तेव्हा पस्तिशीचा, पाठशाळेतून शिकून आलेला, गावात दोन शब्द ऐकले जात.

मी काय सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. लाकडाची जीर्ण मूर्ती अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी, असं आहे. पण ते मूर्तीविषयी. खांब म्हणजे मूर्ती नव्हे. खांबात प्राणप्रतिष्ठा नाही. सबब विक्रीला दोष नाही."

अर्थ बरोबर होता. आजही कुणा पंडिताने त्यात चूक काढून दाखवावी. पण मला आधी बारा हजार रुपये दिसले होते आणि वचन मागाहून आठवले होते, हे माझे मला ठाऊक आहे. त्या पैशातून कर्णा आला आणि फरश्या आल्या. खांब टेंपोत आडवे झाले आणि गेले. तुळई व्यापाऱ्याने घेतली नाही, तिला वाळवी फार होती. ती आम्ही सप्त्याच्या महाप्रसादाला चुलाणात घातली. चौघांची नावे त्या आमटीखाली जळाली. लाकूड अग्नीला द्यावे हे वचन असे नकळत पाळले गेले म्हणायचे!

शंभर वर्षांहून जुने कोरीव काम विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, असा १९७२ चा कायदा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी विचारले असते की नाही, सांगवत नाही.

मस्कतला गेल्यावर एका रात्री जेवणानंतर जावईबापूंपुढे हा विषय काढला. जावईबापू इंजिनियर, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. खांब गावात राहिले असते तर काय झालं असतं? दोनाचं वाळवीनं पीठ केलं होतंच. उरलेल्यांवर ऑईलपेंट बसला असता, वर खिळे ठोकून वायरी नेल्या असत्या. नाही तर कुणीतरी चुलीत घातले असते, तुळईसारखे. व्यापाऱ्यानं नेले म्हणून कुठंतरी उभे असतील. आणि विमानतळावर असतील तर लाखो लोक पाहतात. गावात कोण बघत होतं?"

पूर्वपक्ष इतका बळकट असावा की सिद्धांत्याला घाम फुटावा. मला फुटला. कारण शेवटचा प्रश्न अगदी वर्मावर बसला. गावात कोण बघत होतं? कुणीच नाही. मी त्या खांबांखाली लहानाचा मोठा झालो. पहिले कीर्तन तिथे केले. हरिपाठाला डावीकडचा दुसरा खांब माझ्या वडिलांचा, म्हणजे ते त्याला पाठ टेकून बसत. त्यांच्या मागे तो माझ्याकडे आला. पस्तीस वर्षे मी त्या लाकडाला पाठ लावली, पण केळफुलाला पाकळ्या किती होत्या ते आज विचाराल तर सांगता येत नाही. विमानतळावर दुसऱ्याच्या गावच्या खांबाच्या पाकळ्या मात्र मी मोजल्या. म्हणजे खांब पाहायला मला विमानतळावर जावे लागले.

इथे माझी शंका दुहेरी झाली. आपल्या ठिकाणी वस्तू होती तेव्हा तिला आपण टेकत होतो, पाहत नव्हतो. ठिकाणावरून हलली तेव्हा तिला लोक पाहतात, पण टेकू शकत नाहीत. यातले अधिक कोणते? पाहणाऱ्याने पाहून पुढे जायचे असते, खांबाचे त्याच्याकडे काही मागणे नाही आणि त्याचेही खांबाकडे काही नाही. टेकणाऱ्याचे तसे नसते. वडील गेल्यावर तेराव्या दिवशी मी त्या खांबाशी बसलो तेव्हा लाकडावर एक गुळगुळीत खळगा पाठीला लागला. तो वडिलांच्या पाठीने पडलेला होता, आणि त्यांच्या आधीच्यांच्या. माझ्या पाठीनेही तो कणभर वाढला असेल. सुताराने खांब एकदा घडवला, त्यानंतर शंभर वर्षे गाव त्याला घडवीतच होते, न पाहता.

आता तो खळगा कुणाच्या दिवाणखान्यात असेल तर पाहुणे त्याला काय म्हणत असतील? झिजलेला भाग म्हणत असतील. पॉलिशवाल्याने भरूनही काढला असेल.

आपल्या संप्रदायाला हा विषय परका नाही, हे मस्कतहून परत येताना विमानात ध्यानात आले. देव हलवला जाणे आणि देव परत येणे ही तर आपल्या घरातली कथा. कृष्णदेवरायाने पांडुरंगाची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती पंढरीला परत आणली, असे परंपरा सांगते. हंपीला तुंगभद्रेकाठी विठ्ठलाचे ते अफाट देऊळ आजही आहे. दगडी रथ, आघात केला की नाद देणारे खांब. १९८६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो दगडी रथ आपण रोज हाताळतो, २०१७ पासूनच्या नव्या पन्नासाच्या नोटेवर छापला आहे. मी हंपीला एकदा गेलो आहे. डोळे दिपतात. पण गाभाऱ्यापाशी गेलो आणि आत काही नाही. त्या भव्य रिकामपणापुढे मला अबीर-बुक्क्याने माखलेली, ढकलाढकलीची, घामेजलेली पंढरीची बारी आठवली.

यावरून कुणी म्हणेल, बुवांचा सिद्धांत ठरला: वस्तूने स्थानावर परतावे, तरच खरे. थांबा. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवंताने उद्धवाला पूजाविधी सांगताना प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्या आहेत, आणि प्रतिष्ठा दोन प्रकारची, चल आणि अचल. म्हणजे हलणे हा दोष नव्हे. आपली पालखी हलते म्हणूनच तर ती पालखी. जिथे ती उतरते ते ठिकाण एका रात्रीपुरते घर होते, कारण गावकरी दिवा लावून वाट पाहत असतात. हलण्याने वस्तू उपटली जात नाही. पोहोचल्यावर कुणी वाट पाहत नसेल तर उपटली जाते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण सांगतो, ते मला मोठे विलक्षण वाटते. तमिळनाडूत तंजावरकडे पाथूर नावाचे गाव आहे. तिथल्या पडीक शिवालयाजवळ १९७६ साली एका मजुराला खणताना काशाचा नटराज सापडला. हातोहात विकला जात तो लंडनला पोहोचला. तिथे त्याच्यासाठी खटला उभा राहिला आणि देवळाच्या वतीनेही दावा गुदरला गेला. देऊळ कसले? पूजा बंद, भिंती ढासळलेल्या. तरी १९९१ साली तिथल्या अपील कोर्टाने देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज भारतात परत आला. आपल्याकडे देवता ही कायद्याने दावा करू शकणारी व्यक्ती आहे, हे सायबाच्या कोर्टालाही विचारात घ्यावे लागले. माणसे निघून गेली, दिवा विझला, तरी जागेचे देणे फिटत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. आमच्या गावी तर माणसे होती, दिवा होता, आणि आम्ही स्वतःच्या हाताने विकले. आम्हाला कोणते कोर्ट?

असो. पुन्हा विमानतळावर येतो, कारण तिथली एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या भिंतीपुढून माणसे नदीसारखी वाहत होती. थांबणारे थोडे. जे थांबत ते बहुतेक स्वतःची छबी काढायला, भिंतीकडे पाठ करून. (पाहा, पाठ तिथेही आहेच, फक्त टेकलेली नाही.) मला त्यांना दोष द्यायचा नाही. ज्याचे विमान सुटायचे आहे, ज्याची आई दवाखान्यात आहे, ज्याला नोकरीसाठी पोर मागे टाकून जायचे आहे, त्याने नक्षीकडे काय पाहावे? तिकीट काढल्याशिवाय तिथवर जाता येत नाही, हा दुसरा मुद्दा. ज्या सुतारा-लोहारांच्या वंशजांनी ते पाहायला हवे, ते बाहेरच. पंढरीला तिकीट नाही, फक्त पाय लागतात.

पण मग फरशी पुसणारी एक बाई भेटली. माझा बुक्का आणि तुळशीची माळ पाहून तीच थांबली. "माउली, कुठं निघालात?" बोलण्यावरून मराठवाड्याकडची. थोडे बोलणे झाले. मी विचारले, "हे सगळं कुठलं कुठलं आहे, ठाऊक आहे का?"

"नाय बा. माझं काम फरशीचं. पर हे घोड्यावरचं हाय न्हवं," तिने एका लाकडी मूर्तीकडे हनुवटी केली, "रातपाळीला कुणी नसतंय तवा ह्येचीच सोबत. येताना जाताना हात जोडिते. खंडोबा न्हाय त्यो, मला बी कळतंय. पर कुणाचा तरी देव आसंलच की."

मी त्या मूर्तीकडे पाहिले. कुठल्या तरी दूरच्या गावाच्या वेशीवरचा रखवालदार असावा. त्याची वेस गेली, त्याचे गाव कोणते ते त्यालाच ठाऊक, पण रातपाळीची एक बाई त्याच्या राखणीत आहे. म्हणजे भिंतीवरही टेकता येते तर! सर्वांना नाही. जी रोज येते, जिला तिथून विमानाने कुठे जायचे नाही, तिला.

वाचकहो, तिच्यामुळे माझा निवाडा पुरता पालटला असे म्हणणार नाही. परंतु विमानतळावर मांडले म्हणजे सगळे निर्जीव, असे जे मी तोवर मनाशी ठरवत आलो होतो, ते त्या बाईने मोडले. जे मुळातच अशा जागेसाठी घडवले गेले, त्याच्याविषयी तर शंका नाहीच. दिल्लीच्या विमानतळावर २०१० पासून भिंतीतून पुढे आलेल्या हातांच्या मोठमोठ्या मुद्रा आहेत. बंगळूरच्या नव्या इमारतीत नवरसांवर चित्रे-शिल्पे मांडली आहेत, असे ऐकतो. ती तिथेच जन्मली, तेच त्यांचे माहेर. प्रश्न आहे तो माहेर सुटलेल्यांचा.

आणि एक माहेर तर पायाखालीच असते. या मुंबईच्या विमानतळाला १९९९ साली छत्रपतींचे नाव मिळाले, त्यात 'महाराज' हा शब्द २०१८ मध्ये जोडला गेला. त्यापूर्वी लोक त्याला नुसते 'सहार' म्हणत. सहार हे साष्टी बेटावरचे जुने गाव. तिथली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे मराठीचीच एक बोली बोलतात. देशभरची दारे जिथे आणून लावली, ती जमीन स्वतः कुणाच्या तरी दारापुढची होती. स्थानिक इतिहास म्हणून काय मांडायचे, असा कुणी विचार करीत असेल तर त्याने आधी खाली पाहावे, असे मला वाटते.

हे मी आज का लिहितो, त्याला एक निमित्त आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर केला. लोहगाव म्हणजे तुकोबांचे आजोळ, त्यांच्या मातोश्री कनकाईंचे माहेर. तिथे त्यांची कीर्तने होत, शिवबा कासाराची कथा तिथलीच. तेव्हा नाव शोभते, यात वाद नाही. पण नावामागून वस्तू येतात. उद्या कुणीतरी तुमच्या-आमच्या गावी येऊन म्हणेल, "महाराज, जुनी वीणा आहे का? जुने टाळ? पालखीची जुनी दांडी? विमानतळावर लावायची आहे, मोठा मान आहे." बारा हजारांऐवजी बारा लाख देईल, किंवा काहीच न देता केवळ मानावर नेईल. मानाचा मोह पैशाहून वाईट. शास्त्रार्थ विचारायला मंडळी पुन्हा माझ्यासारख्याकडेच येतील.

तेव्हा मी काय सांगेन? नका देऊ, असे सरसकट नाही सांगणार. जी वीणा दहा वर्षे माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन आहे ती द्यावी, तिथे निदान कुणी पाहील. जी अजून पहाऱ्याला गळ्यात पडते, ती देऊ नये, कितीही जुनी असो, कितीही मोठा माणूस मागायला येवो. आणि दिलीच, तर देणाऱ्या गावाचे नाव तिच्याखाली लिहिले जाईल एवढी अट घालावी, आणि घडवणाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर तेही. आमच्या तुळईवर पैका देणाऱ्या चौघांची नावे होती, खांब कोरणाऱ्या सुताराचे नव्हते. म्हणजे गावही काही फार कृतज्ञ नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे. विमानतळाला नावे ठेवण्याआधी आपल्या घरची ही चूक लक्षात घ्यावी. आणखी एक सुचवावेसे वाटते, कुणी ऐकेल तर ऐकेल: लोहगावला जे काही उभे करायचे असेल त्यात एखादा तरी खांब असा असावा की थकल्या माणसाला त्याला पाठ लावून खाली बसता यावे, आणि शिपायाने त्याला उठवू नये.

मस्कतहून आल्यावर कार्तिकात गावी गेलो होतो. देवळामागे जाऊन तळखडे शोधले. व्यापाऱ्याने ते नेले नव्हते, दगडाचे वजन फार. आठांपैकी पाच सापडले. एकावर पाण्याची टाकी बसवली आहे, दोन गवतात, दोनांवर पोरे बसतात. खांब बसायची चौकोनी खाच प्रत्येकात आहे, तिच्यात पावसाचे पाणी साचले होते. तरुण मंडळींपैकी एकाने विचारले, "महाराज, हे कशाचे दगड?" मी सगळे सांगितले. बारा हजार, कर्णा, फरश्या, आणि शास्त्रार्थ कुणी दिला तेही. कुणी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "फोटो असंल का कुणाकडं?"

फोटो निघाला. १९८८ च्या सप्त्याचा, देशमुखांच्या वाड्यात भिंतीला होता. काला चालू आहे, माणसांनी मंडप भरला आहे. माझे वडील डावीकडच्या दुसऱ्या खांबाशी बसले आहेत. खांब जेवढा त्यांच्या पाठीमागून आणि फेट्यावरून दिसतो तेवढाच दिसतो. केळफुले वरच्या बाजूला होती, ती फोटोत आलीच नाहीत.